वाडग्यावर लिहिलेली गावे

१

पदार्थाच्या नावात एखादे गाव आले की आपण ते पत्त्यासारखे वाचतो. नावात लांझोउ असेल तर पदार्थ लांझोउचा, सिचुआन असेल तर सिचुआनचा, असे आपण धरून चालतो. मग तो पदार्थ त्या गावात मिळतो तसाच आपल्यापुढे आला आहे की नाही, म्हणजे तो 'अस्सल' आहे की नाही, एवढा एकच प्रश्न उरतो. या लेखात आम्हांला थोडे वेगळे मांडायचे आहे. पदार्थाच्या नावातले गाव हे पुष्कळदा त्याच्या जन्मस्थळापेक्षा कोणाच्या तरी स्थलांतराची खूण असते. गावात राहणाऱ्याला ते नाव लागत नाही. ते लागते गाव सोडून गेलेल्याला, आणि त्याच्याकडून विकत घेणाऱ्याला. चीनमधील नूडल्सच्या इतिहासात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते, आणि तो इतिहास वाचायला शांघायमधील एखाद्या मॉलमधले मेनूकार्डही पुरते.

अशाच एका मॉलच्या वरच्या मजल्यावर, कपड्यांची दुकाने संपून खाण्याची दुकाने सुरू होतात तिथे, आम्ही चौघे जेवायला बसलो होतो. मेनूकार्ड म्हणजे जवळजवळ भूगोलाचे पाठ्यपुस्तक होते : लांझोउच्या गोमांसाच्या नूडल्स, शान्शी प्रांताच्या सुरीने तासलेल्या नूडल्स, सिचुआनच्या दानदान नूडल्स, वुहानच्या 'गरम-कोरड्या' नूडल्स, शिआनच्या पट्ट्यासारख्या रुंद ब्यांगब्यांग. पहिल्या चार प्रकारांचा एकेक वाडगा मागवून आम्ही ते मध्ये ठेवले. लांझोउचा रस्सा नितळ, त्यात मुळ्याच्या पांढऱ्या चकत्या, वर लाल मिरचीचे तेल आणि हिरवी कोथिंबीर. शान्शीच्या नूडल्स कडेला पातळ आणि मध्ये जाड, कारण आचारी कणकेचा गोळा हातावर धरून वाकड्या पात्याने त्याच्या चिपा थेट उकळत्या पाण्यात उडवतो. वुहानच्या वाडग्यात रस्सा नाहीच. वाटलेल्या तिळांचा दाट लेप आणि लोणच्याचे बारीक तुकडे. दानदानच्या छोट्या वाडग्यात तळाशी तिखट तेल, वर खिमा, आणि जिभेला मुंग्या आणणारी एक ओळखीची झिणझिणी. या झिणझिणीकडे आम्ही पुढे येऊ.

चारही वाडगे चवदार होते. पण ते शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट लक्षात आली. यांपैकी 'दानदान' हे नाव मुळात गावाचे नाहीच. 'दान' म्हणजे खांद्यावरची कावड. कावडीच्या एका टोकाला चूल आणि दुसऱ्या टोकाला कणकेचे सामान लटकवून फिरणाऱ्या विक्रेत्यांमुळे ते नाव पडले. सिचुआनमध्ये ते तेवढेच पुरते. 'सिचुआनच्या' हे विशेषण मेनूकार्डाने जोडलेले आहे. ही जोडणी कोण करते आणि कशासाठी, हा आमचा प्रश्न आहे.

२

पिठाच्या पदार्थांच्या नावांविषयी चिनी साहित्यात फार जुन्या काळी विचार झालेला आहे. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस शू शी या विद्वानाने पिठाच्या पदार्थांवर एक 'फू' लिहिला. फू म्हणजे एखाद्या विषयाचे रसभरित, यादीवजा वर्णन करणारा गद्य-पद्याच्या सीमेवरचा प्रकार. राजवाडे, शिकारी, राजधान्या असे त्याचे भारदस्त विषय. शू शीने तो खालच्या आळीत आणला. कडाक्याच्या थंडीत नाकातले पाणी गोठते, तोंडाभोवती दंव जमते, अशा वेळी गरम रश्शातल्या कणकेसारखे दुसरे काही नाही, असे तो सांगतो. वाऱ्यावरून वास गेल्याने वाटसरूंच्या तोंडाला सुटलेले पाणी आणि वाढणाऱ्या नोकरांची चुळबूळही तो टिपतो.

पण आमच्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा भाग आरंभीचा आहे. प्राचीन विधिग्रंथांत गहू आहे, पण गव्हाच्या पिठाचे हे पदार्थ नाहीत, हे शू शी नोंदवतो. या पदार्थांची काही नावे गल्लीबोळांत जन्मली आणि काही कृती परक्या लोकांच्या चालीरीतींतून आल्या, अशी त्यांच्या उगमाची कारणे तो देतो. अभिजात ग्रंथांचा आधार नसलेली, गल्लीने आणि परक्यांनी घडवलेली ही संस्कृती आहे, हे सतराशे वर्षांपूर्वीच्या या लेखकाने ओळखले होते.

गल्लीतल्या नावाला ग्रंथांत जागा मिळत नाही याचे आजचे उदाहरण म्हणजे शिआनच्या ब्यांगब्यांग नूडल्स. हे नाव लिहिण्याचे अक्षर पन्नासहून अधिक रेघांचे आहे आणि १७१६ साली पुऱ्या झालेल्या खांग्शी शब्दकोशातल्या सुमारे सत्तेचाळीस हजार अक्षरांत ते नाही. दुकानांच्या पाट्यांवर ते हाताने रंगवले जाई. युनिकोडच्या तक्त्यात ते २०२० साली आले. तोवर संगणकावर ते एकतर चित्र म्हणून चिकटवावे लागे किंवा रोमन लिपीत लिहावे लागे. पदार्थ लोकांच्या रोजच्या जेवणात, आणि त्याचे अक्षर मात्र विद्वत्तेच्या दाराबाहेर : शू शीचे निरीक्षण इतके दिवस खरे राहिले.

३

आता नावातल्या गावांकडे वळू. त्यासाठी बाराव्या शतकात जावे लागते. उत्तर सुंग राजवटीची राजधानी बिआनजिंग, म्हणजे आजचे काइफंग, ११२७ मध्ये जुर्चेन लोकांच्या चिन राजवटीच्या हाती पडली. दरबार दक्षिणेला पळाला आणि पुढे हांगझोउला स्थिरावला. राजधानीत तारुण्य घालवलेला मंग युआनलाव हाही दक्षिणेला गेला. ११४७ मध्ये प्रस्तावना लिहून त्याने 'पूर्वेकडील राजधानीच्या वैभवाचे स्वप्न' या आशयाच्या नावाचे एक पुस्तक पूर्ण केले. हातातून गेलेल्या शहराचे रस्ते, सण, बाजार आणि खाण्याची दुकाने तो एकामागून एक मांडत जातो. त्या यादीत सिचुआनी जेवणाची दुकाने आहेत आणि तिथे मिळणाऱ्या मांस घातलेल्या नूडल्सची नावे आहेत. दक्षिणी जेवणाची दुकानेही वेगळी दिलेली आहेत.

म्हणजे प्रादेशिक जेवणाची पाटी नऊशे वर्षांपूर्वी होती. पण ती कोणासाठी होती? याचे उत्तर तेराव्या शतकातील हांगझोउचे वर्णन करणाऱ्या वू त्झमूच्या पुस्तकात मिळते. जुन्या राजधानीत दक्षिणी नूडल्सची आणि सिचुआनी जेवणाची दुकाने निघाली ती दक्षिणेकडून ये-जा करणाऱ्या अधिकारी-विद्वानांसाठी, कारण त्यांना उत्तरेकडचे अन्न मानवत नसे, असे तो स्पष्ट सांगतो. प्रादेशिक दुकान हा मुळात परदेशीच्या पोटाचा आसरा होता. नवी चव शोधणाऱ्या राजधानीकरासाठी ते उघडले नव्हते.

त्यानंतर वू त्झमू आणखी एक गोष्ट सांगतो. दरबार दक्षिणेला येऊन पिढ्या उलटल्या, माणसे इथल्या हवापाण्याला सरावली, खाणेपिणे एकमेकांत मिसळले, आणि आता उत्तर-दक्षिण असा भेद राहिलेला नाही. हे तो दुःखाने सांगत नाही आणि कौतुकानेही नाही. पण प्रादेशिक नावाचा सबंध जीवनक्रम त्याच्या या निरीक्षणात आला आहे. माणूस गाव सोडतो तेव्हा नावाची गरज निर्माण होते. त्याची नातवंडे नव्या गावाची होतात तेव्हा ती गरज संपते.

येथे 'अस्सल' या कल्पनेचीही परीक्षा होते. बिआनजिंगमधल्या त्या सिचुआनी दुकानांत मिरची नव्हती. असणे शक्यच नव्हते. मिरची अमेरिका खंडातली. चिनी ग्रंथांत तिची पहिली ज्ञात नोंद गाओ ल्येनच्या १५९१ च्या पुस्तकात सापडते, आणि तीही फुलझाडांच्या संदर्भात : फळ झिजलेल्या कुंचल्याच्या टोकासारखे, चव तिखट, रंग लाल, दिसायला फार सुरेख. आज ज्या चवीवरून आपण सिचुआन ओळखतो ती चव सिचुआनच्या नावाहून कितीतरी अर्वाचीन आहे. नाव टिकले आणि त्याच्या आतला पदार्थ बदलला.

४

लांझोउच्या वाडग्याची गोष्ट याच्याही पुढची आहे. कान्सू प्रांताच्या या राजधानीत हुई मुसलमान समाजातील मा बाओत्झ याने विसाव्या शतकाच्या आरंभी, सर्वसाधारणपणे मानले जाते त्याप्रमाणे १९१५ च्या सुमारास, गोमांसाच्या नितळ रश्शातल्या या नूडल्स विकायला सुरुवात केली. कणकेला ताण यावा म्हणून तीत एका रानझुडुपाची राख मिसळत. आपल्याकडे पापडखार जे काम करतो तेच ही राख करते. मग आचारी कणकेची लड दोन हातांत ओढतो, दुमडतो, पुन्हा ओढतो, आणि प्रत्येक वेळी धाग्यांची संख्या दुप्पट होते. लांझोउमध्ये हा सकाळच्या न्याहारीचा पदार्थ आहे. २००७ मध्ये दर वाढले तेव्हा शहराच्या दर-नियंत्रण खात्याने साध्या दुकानातील मोठ्या वाडग्याला अडीच युआनची मर्यादा घालून दिली. तो वाडगा तिथे काय आहे, याची यावरून कल्पना यावी.

पण लांझोउमध्ये कोणी त्याला 'लांझोउ लाम्येन' म्हणत नाही. तिथे त्या नुसत्या गोमांसाच्या नूडल्स. 'लांझोउ लाम्येन', म्हणजे लांझोउच्या ओढलेल्या नूडल्स, ही पाटी चीनच्या इतर शहरांत दिसते. आणि त्या पाटीखालची दुकाने बहुतांशी लांझोउच्या माणसांची नाहीत. ती शेजारच्या चिंगहाय प्रांतातील हुआलोंग या डोंगराळ, गरीब तालुक्यातून आलेल्या हुई आणि सालार मुसलमानांची आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ही कुटुंबे पूर्व किनाऱ्यावरच्या शहरांत जाऊ लागली. एक जण दुकान काढतो, भाऊबंद त्याच्याकडे आधी वाढप्याचे आणि मग कणीक ओढण्याचे काम शिकतात, थोडा पैसा जमला की स्वतःचे दुकान काढतात. पाटीवर हुआलोंग लिहून काय उपयोग? शहरात ते गाव कोणाला ठाऊक नव्हते, लांझोउ ठाऊक होते. मग त्यांनी शेजारच्या मोठ्या शहराचे नाव उसने घेतले.

लांझोउकरांची तक्रार अशी की हे आमचे नव्हे. चवीपुरती ती खरीही असेल. पण या उसन्या नावावर एका तालुक्यातल्या असंख्य कुटुंबांची चूल पेटली, आणि लांझोउ हे नाव चीनच्या गल्लोगल्ली पोहोचवले ते त्यांनीच. इतिहासाचा एक योगायोग येथे नोंदवण्यासारखा आहे. चिंगहायमधील लाजिया या उत्खननस्थळी उपड्या पडलेल्या वाडग्याखाली सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, राळ्यासारख्या भरड धान्याच्या नूडल्स सापडल्याचे २००५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. राळ्याच्या पिठाला चिकटपणा नसल्याने अशा नूडल्स ओढता येतील का, यावर पुढे वाद झाला. ते काही असो. लाजिया आणि हुआलोंग ही दोन्ही ठिकाणे आज एकाच हायदोंग जिल्ह्यात मोडतात. या दोहोंमध्ये चार हजार वर्षांचे सलग सूत्र आहे, असे कोणीही म्हणू नये. पण नूडल्सचा सर्वांत जुना म्हणून सांगितला जाणारा पुरावा ज्या जिल्ह्यात सापडला, तिथल्या माणसांना नूडल्स विकण्यासाठी दुसऱ्या प्रांताचे नाव लावावे लागले, एवढे तरी खरेच.

पाटीवर गावाखेरीज आणखी एक गोष्ट असे : हलाल असल्याची अरबी अक्षरे. २०१९ मध्ये बीजिंगमधील हलाल दुकानांना ही अक्षरे आणि चंद्रकोरीसारखी चिन्हे काढण्यास किंवा झाकण्यास सांगण्यात आल्याचे वृत्त रॉयटर्सने दिले. उसने नाव पाटीवर राहिले, आणि जे त्यांचे स्वतःचे होते ते झाकले गेले. नावांचा इतिहास वाचताना काय पुसले गेले हेही वाचावे लागते, ते यासाठी.

५

लांझोउच्या उदाहरणात गाव उसने आहे. तैवानच्या उदाहरणात गाव हरवलेले आहे. १९४९ मध्ये यादवी युद्धात पराभूत झालेले च्यांग काय-शेक यांचे सरकार तैवानला गेले, आणि त्याबरोबर दहा लाखांहून अधिक सैनिक व नागरिक समुद्र ओलांडून आले. त्यांच्यासाठी लष्करी वसाहती बांधल्या गेल्या. चीनच्या प्रत्येक प्रांतातली माणसे तिथे भिंतीला भिंत लावून राहू लागली. काही वर्षांत परत जाऊ, या समजुतीने आलेल्या या माणसांना जवळजवळ चार दशके, १९८७ पर्यंत, घरी जाता आले नाही.

तैवानमध्ये आज घरोघरी माहीत असलेल्या, लाल रश्शातल्या 'सिचुआनी' गोमांसाच्या नूडल्स या वसाहतींच्या जगातून आल्या. इतिहासकार लू याओदोंग यांनी त्यांचा उगम दक्षिण तैवानमधील गांगशान येथे शोधला. सिचुआनहून आलेल्या सैनिकांनी तिथे आपल्या गावासारखी घेवड्याच्या दाण्यांची तिखट आंबवण तयार केली आणि त्या चवीतून हा रस्सा घडला, असा त्यांचा तर्क. सिचुआनमध्ये मात्र या नावाचा असा पदार्थ परंपरेने नव्हता. त्यात पडलेले गहूही सिचुआनचे नव्हते. भात पिकवणाऱ्या या बेटावर गव्हाचे पीठ आले ते अमेरिकी मदतीतून. भारतीय वाचकांना परिचित असलेल्या पी.एल. ४८० या कायद्याखालीही ते आले, आणि तांदूळ निर्यातीसाठी वाचावा म्हणून सरकारने पिठाच्या पदार्थांना उत्तेजन दिले. नांगराच्या बैलाविषयीच्या कृतज्ञतेमुळे तैवानमधील अनेक शेतकरी कुटुंबे गोमांस खातही नसत.

म्हणजे अमेरिकेचा गहू, तैवानचे बेट आणि पराभूत सैनिकाची आठवण, एवढ्यातून 'सिचुआन' तयार झाले. याला कोणी नकली म्हणणार असेल तर त्याने मंग युआनलावच्या पुस्तकालाही नकली काइफंग म्हणावे. दोन्ही ठिकाणी कृती एकच आहे : जिथे परतता येत नाही ते गाव हाताशी असलेल्या सामग्रीतून पुन्हा उभे करणे. पुढे तो पदार्थ इतका तैवानचा झाला की २००५ पासून तायपेई शहर त्याचा महोत्सव भरवू लागले. वू त्झमूने हांगझोउविषयी जे लिहिले ते येथे दोन पिढ्यांत घडले.

६

दानदानच्या वाडग्यातली ती झिणझिणी आम्हांला ओळखीची का वाटली, ते आता सांगायला हवे. सिचुआनी मिरी नावाने ओळखले जाणारे ते फळ आणि कोकण-गोव्यात बांगड्याच्या तिखल्यात पडणारे तिरफळ ही एकाच वनस्पती-कुळातली, एकाच प्रजातिगटातली भावंडे आहेत. वास वेगळा, पण जिभेवर होणारा परिणाम त्याच जातीचा. मुंबईच्या रस्त्यावर 'शेजवान' या नावाने जे मिळते त्यात लाल मिरची आणि लसूण भरपूर असतात, पण ही झिणझिणी बहुधा नसते. 'शेजवान' हा शब्द सिचुआनच्या जुन्या रोमन स्पेलिंगचा मुंबईतला उच्चार. तेव्हा स्थिती अशी की सिचुआनचे नाव चायनीजच्या गाडीवर आहे आणि सिचुआनची चव मालवणच्या माशाच्या कालवणात आहे, आणि दोघांची एकमेकांशी गाठ पडलेली नाही.

'मंचुरियन'ची कथा सर्वश्रुत आहे. कोलकात्यात जन्मलेल्या चिनी वंशाच्या नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये आले, लसूण, हिरवी मिरची यांच्या जोडीला सोया सॉस घालून तो प्रकार केला, असे सांगितले जाते. मंचुरियाशी त्याचा संबंध नाही. पण या नावाकडे हसून पाहण्याआधी एवढे आठवावे की १९६२ च्या युद्धानंतर सुमारे तीन हजार भारतीय चिनी नागरिकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबले गेले होते, आणि त्यानंतर अनेकांनी देश सोडला. जे राहिले त्यांच्यापैकी पुष्कळांना जगण्याचे साधन म्हणून स्वयंपाकघरच उरले. ज्या गावांचे ते मुळात होते त्यांची नावे ग्राहकाला ठाऊक नव्हती. ग्राहकाला ठाऊक असलेले किंवा चिनी वाटणारे नाव त्यांनी घेतले. हुआलोंगच्या आचाऱ्याने केले ते याहून फार वेगळे नव्हते.

७

मग मॉलमध्ये काय बदलते? २०१९-२० च्या सुमारास शांघायमध्ये लांझोउ नूडल्सच्या काही नव्या साखळ्या सुरू झाल्या, आणि २०२१ मध्ये गुंतवणूकदारांनी त्यांत मोठा पैसा ओतला. त्यांची जागा मॉलमध्ये, सजावट नेटकी, दर गल्लीतल्या दुकानाहून चढे. येथे प्रादेशिक नाव पहिल्यांदाच स्थलांतरितापासून सुटे झालेले दिसते. बिआनजिंगमध्ये ते परक्या गावी आलेल्याचा आसरा होते, तैवानमध्ये आठवण होते, हुआलोंगच्या पाटीवर पोटासाठी घेतलेला आडोसा होते. मॉलमध्ये ते मालाचे नाव आहे. त्यामागे गाव सोडलेला माणूस असलाच पाहिजे असे नाही, आणि म्हणून वू त्झमूने सांगितलेला शेवटचा टप्पा, मिसळून जाऊन नाव गळून पडण्याचा, येथे येण्याचे कारण उरत नाही. पाच प्रांत एका मेनूकार्डावर शेजारी राहतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. मिसळले तर विकायला काय राहील?

तरीही हे नाव पूर्णपणे मालाच्या स्वाधीन होत नाही, याचा पुरावा २०२० च्या सुरुवातीस मिळाला. जानेवारी २३ ते एप्रिल ८ वुहान बंद होते. त्या दिवसांत चीनमध्ये एक चित्र फार पसरले : तिळाच्या नूडल्सचा वाडगा रुग्णालयात आजारी पडला आहे आणि इतर प्रांतांचे पदार्थ त्याला धीर देत आहेत. वुहानचे नाव घ्यायला लोक बिचकत होते, वुहानची माणसे इतर शहरांत टाळली जात होती, आणि त्या वेळी शहराच्या बाजूने उभे राहण्यासाठी लोकांना न्याहारीचा वाडगा सापडला. नावात अजून माणसे होती.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या सगळ्याचे विशेष वाटू नये. 'प्रादेशिक' हे विशेषण आपण कथा-कादंबऱ्यांनाही लावतो, आणि तेही बहुधा प्रदेशाबाहेर बसून. ज्या गावात ती कादंबरी घडते तिथल्या वाचकाला ती प्रादेशिक वाटत नाही. कोल्हापूरकर जसा मिसळीला कोल्हापुरी म्हणत नाही. तेव्हा असे विशेषण दिसले की ते खरे की खोटे हे ठरवण्याआधी ते कोणी, कुठे उभे राहून आणि कोणासाठी लावले, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

मंग युआनलावने बिआनजिंगमधल्या सिचुआनी दुकानांतील नूडल्सची नावे लिहून ठेवली, कृती लिहिल्या नाहीत. त्याला त्याची गरज वाटली नसावी. ज्यांना त्या येत होत्या ती माणसे त्याच्या आठवणीत अजून चुलीपाशी उभी होती. नऊशे वर्षांनंतर आपल्या हाती नावे आहेत. त्या माणसांपैकी एकाचेही नाव त्या पुस्तकात नाही.